रीमॅप केलेल्या गाडीला कॅच कॅन बसवायचाय? आधी ब्रीदरची वाट ओळखा

यवतमाळ, वर्धा, वाशीम या पट्ट्यात रीमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवलेली) डिझेल स्विफ्ट, टर्बो पेट्रोल पोलो किंवा इंजिनावर काम केलेली जिप्सी आता नवलाची राहिलेली नाही. पॉवर वाढवली की महिनाभरात कुणीतरी सांगतंच, "भाऊ, कॅच कॅन टाकून घे." कॅच कॅन म्हणजे इंजिनाच्या ब्रीदरवर, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपावर बसवायचा, त्या गॅसमधलं ऑइल पकडणारा डबा. मग ऑनलाइन मागवलेला चकचकीत डबा घरी येतो. तो कोणत्या पाइपला आणि कोणत्या बाजूने जोडायचा, हे नीट सांगणारा माणूस मात्र तालुक्याच्या गावात सापडत नाही. मी हे काम माझ्या रीमॅप केलेल्या १.३ डिझेलवर केलं आणि नंतर मित्रांच्या पेट्रोल गाड्यांवरही. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. कॅच कॅन ऑइल पकडतो, इंजिन दुरुस्त करत नाही. आणि इंजिनातला गॅस बाहेर पडायची वाट त्याने थोडीही अडवली, तर तो नसलेलाच बरा.

## १. हा गॅस येतो कुठून

पिस्टनवर स्फोट झाला की त्यातला थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल चेंबरच्या बाजूला उतरतो. इंजिन नवं असलं तरी हे होतंच. आपल्याकडचे मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या गॅसमध्ये न जळलेलं इंधन, पाण्याची वाफ आणि काजळी असते. खाली क्रँक ऑइल घुसळत असते, त्यामुळे ऑइलचे बारीक तुषारही त्यात मिसळतात.

याला वाट दिली नाही तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल तिथून बाहेर येतं: क्रँकचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिपस्टिकची नळी. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजूने खाली लोंबणारा ब्रीदर पाइप तुम्ही पाहिला असेल. तो हा गॅस सरळ हवेत सोडतो. पूर्वी मोटारींचीही तीच पद्धत होती. हवा खराब होते म्हणून अमेरिकेत १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकी देशात, हा गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, नेऊन जाळायची पद्धत रुळली. पीसीव्ही म्हणतात ती हीच. भारतातही पेट्रोल गाड्यांच्या मंजुरीच्या चाचणीत क्रँककेसचा गॅस हवेत जाता कामा नये, असा नियम आहे.

गॅसबरोबर ऑइलही इनटेकमध्ये जातं, अडचण तिथे सुरू होते. कंपनीच्या सेटिंगवर हे प्रमाण सांभाळलेलं असतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, रिंगांवरून जास्त गॅस निसटतो आणि त्याच पाइपातून जास्त ऑइल वाहून जातं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आत ऑइलचा थर बसला की तो उष्णता नीट सोडत नाही. पेट्रोलमध्ये ऑइलचे तुषार मिसळले की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) लवकर येतं. मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि पैसे देऊन मिळवलेली पॉवर तिथेच जाते.

## २. तुमच्या इंजिनात वाट कोणती आहे

बॉनेट उघडून पाइप बोटाने धरून शोधा. टॅपेट कव्हरपासून निघणारा प्रत्येक पाइप कुठे जातो ते कागदावर काढा, मोबाइलवर फोटो घ्या. हे केल्याशिवाय एकही क्लिप सैल करू नका.

साधं पेट्रोल, टर्बो नाही (जिप्सीचं १२९८ सीसी इंजिन, जुनी स्विफ्ट पेट्रोल): दोन पाइप असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जातो आणि आयडलिंगला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, तिथे जोरदार ओढ असते. दुसरा एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधून स्वच्छ हवा कव्हरमध्ये आणतो. कॅच कॅन पहिल्या पाइपवर येतो.

टर्बो पेट्रोल: बूस्ट नसताना गॅस पीसीव्हीतून मॅनिफोल्डमध्ये जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, आतला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने गॅस जाऊ देणारी झडप) बंद होतो आणि सगळा गॅस दुसऱ्या पाइपाने टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणजे रीमॅप केलेल्या गाडीत सर्वांत जास्त ऑइल ज्या वेळी निघतं, त्या वेळी ते दुसऱ्या वाटेने जात असतं. एकच डबा पीसीव्हीच्या बाजूला बसवून "काहीच जमा होत नाही, इंजिन एकदम फिट" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं ऑइल टर्बोकडच्या पाइपातून मुकाट्याने इंटरकूलरमध्ये चाललेलं असतं. अशा गाडीला दोन डबे लागतात, नाहीतर चेक व्हॉल्व्हसह तीन तोंडांचा एक डबा.

टर्बो डिझेल: इथे पेट्रोलसारखी थ्रॉटलची ओढ नसते. टॅपेट कव्हरवरच्या सेपरेटरमधून एक पाइप टर्बोच्या तोंडाशी जातो आणि बऱ्याच इंजिनांत मध्ये दाब सांभाळणारा पातळ पडदा असतो. वाट एकच असल्यामुळे जोडणी सर्वांत सोपी. धोका मात्र डिझेलमध्येच सर्वांत मोठा. त्याबद्दल शेवटच्या भागात सांगतो.

## ३. तुम्हाला तो खरंच लागतो का

गाडी कंपनीच्या सेटिंगवर असेल आणि साधं एमपीएफआय पेट्रोल (सिलिंडरच्या बाहेर, इनटेकमध्ये पेट्रोल फवारणारं) असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पैसे टायरवर खर्च करा. त्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं आणि व्हॉल्व्ह धुऊन निघतात.

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये (पोलोचं टीएसआय, मारुतीचं बूस्टरजेट) पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्ह धुणारं काही नसतं आणि ऑइलचा कार्बन त्यावर साचत जातो. इथे डब्याचा उपयोग आहे. डिझेलमध्ये ईजीआरमधून (जळलेला थोडा धूर परत इनटेकमध्ये नेणाऱ्या वाटेतून) आलेली काजळी आणि ब्रीदरमधून आलेलं ऑइल मॅनिफोल्डमध्ये एकत्र येऊन डांबरासारखा लेप धरतात, तिथेही उपयोग आहे. रीमॅप करून समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२० च्या वेगाने जाणाऱ्यांनी किंवा माल भरून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्यांनी नक्की विचार करावा.

## ४. डबा घेण्याआधी इंजिन तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या दृष्टीने अख्ख्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा. ऑइलची पातळी सपाट जागेवर बघा, धुऱ्याच्या उतारावर नको. ती डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक ऑइल घुसळते आणि कितीही मोठा डबा भरत राहील. मग एअर फिल्टर काढून बघा. पांदण रस्त्याचा फुफाटा आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास उडणारी रुई यांनी तो आपल्याकडे लवकर कोंदतो. फिल्टर कोंदला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि तीच ओढ ब्रीदरमधून जास्त ऑइल खेचते. नुसता फिल्टर बदलून ऑइल जाणं कमी झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह. सुटा असेल तर काढून हलवा, आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. आयडलिंगला त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच पडद्याच्या रूपात असतो. पडदा फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो, आयडलिंग डगमगतं आणि चालू इंजिनवर ऑइलचं झाकण चिकटल्यासारखं घट्ट होतं. अशा वेळी आधी पडदा किंवा कव्हर बदला.

आता दाब मोजा. महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या.

- नळी एका फळीवर यू आकारात बांधा. दोन्ही उभ्या बाजू किमान ६० सेंटिमीटर असू द्या. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा, त्यात शाईचे दोन थेंब टाका.
- ऑइल फिलरचं एक जादा झाकण घेऊन लेथवाल्याकडून त्याला भोक पाडून निपल बसवून घ्या. डिपस्टिकच्या नळीला जोडण्यापेक्षा हे बरं, कारण काही इंजिनांत त्या नळीचं खालचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असतं आणि माप चुकीचं येतं.
- नळी आणि इंजिन यांच्यामध्ये घट्ट झाकणाची एक जाड रिकामी बाटली जोडा. ओढ जास्त निघाली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही.
- इंजिन पूर्ण गरम करा, मगच नळी जोडा. आयडलिंगला आणि मग २,५०० आरपीएमवर धरून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक मोजा. १० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १ मिलिबार.

पेट्रोल गाडीत आयडलिंगला ओढ दिसली पाहिजे, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूचं पाणी वर चढलं पाहिजे. डिझेलमध्ये पाणी शून्याच्या आसपास किंवा किंचित ओढीकडे असतं. आयडलिंगलाच दाब दिसत असेल आणि आरपीएमबरोबर तो वाढत असेल, तर ब्रीदर तरी कोंदला आहे किंवा रिंगा तरी गेल्या आहेत. हे आकडे तारखेसह लिहून ठेवा, नवव्या पायरीत लागतील.

दाब सापडला तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. किती असावं ते त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. सिलिंडरांमध्ये आपापसात मोठा फरक असेल तर काम रिंग-पिस्टनचं आहे, डब्याचं नाही.

टर्बोचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. टर्बोमधलं ऑइल परतीच्या पाइपातून फक्त स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. चेंबरमध्ये दाब असेल तर ते उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं आणि सायलेन्सर निळा धूर ओकतो. गॅरेजमध्ये निदान होतं "टर्बो गेला". माझ्या ओळखीच्या एका गाडीला याच कारणाने नवा टर्बो बसला आणि काही दिवसांत धूर पुन्हा सुरू झाला. शेवटी कोंदलेला ब्रीदर सापडला. टर्बोवर हजारो रुपये घालण्याआधी वरची पाण्याची नळी लावून बघा.

## ५. काय काय लागेल

साहित्य आणि हत्यारं:

- बंद प्रकारचा कॅच कॅन, आत बॅफल (गॅसला वळवणारा पत्रा) आणि जाळी असलेला
- ऑइल आणि इंधन दोन्ही सोसणारा नायट्राइल रबराचा जाड होज, आतला व्यास मूळ पाइपाइतका किंवा मोठा
- होज क्लिपा, गरजेप्रमाणे अॅडॉप्टर, टर्बो पेट्रोलसाठी चेक व्हॉल्व्ह
- ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट, रबर वॉशर, नायलॉन लॉकचे नट
- होज कापायला धारदार पातं, पाना-पेचकस, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र), ५० मिलीची सिरिंज

होज ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप करून देणाऱ्या दुकानात मिळतो. रेडिएटरचा पाण्याचा होज वापरू नका. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो, ऑइल लागलं की फुगतो आणि आतून सुटायला लागतो. रंगीत सिलिकॉन होज दिसायला सुंदर असतो, पण आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर नसेल तर ऑइल त्यातून पाझरतं.

कागदपत्रं: आरसी, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका, पीयूसी आणि मूळ पाइपांचे फोटो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. नियमात न बसणारा बदल केला तर कलम १८२अ (४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा, हा माझा आग्रहाचा सल्ला. आणि काम असं करा की अर्ध्या तासात गाडी मूळ अवस्थेत आणता येईल.

## ६. डबा निवडताना

तोंडाने फुंकून बघा. नव्या, स्वच्छ डब्यात एका तोंडातून फुंकलं तर दुसऱ्यातून हवा सहज निघाली पाहिजे. अडखळली तर तो डबा परत करा.

तोंडांचा आतला व्यास मूळ पाइपापेक्षा कमी नको. मूळ पाइप १९ मिलिमीटरचा आणि डब्याची तोंडं ९ ची, असे संच सर्रास विकले जातात. आत नुसती पोकळी असेल तर ऑइल एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जातं. गॅसला वळण घ्यायला लावणारी पत्र्याची बॅफल आणि त्यापुढे स्टेनलेस जाळी हवी. तुषार त्यांच्यावर आदळतात, थेंब होतात आणि खाली पडतात. आकार ५०० मिलीच्या आसपास असला की गावाकडच्या वापराला पुरतो.

चार गोष्टी टाळा.

कॉम्प्रेसरचा पाणी पकडायचा फिल्टर. स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण हाच लावतात. त्याची भोकं बारीक असतात आणि प्लास्टिकची वाटी इंजिनाच्या उष्णतेत, पेट्रोलच्या वाफेत तडकते.

भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबणं. तारा तुटतात आणि ओढीबरोबर इंजिनात जातात. लोखंडी असेल तर गंजते. जाळी घालायचीच असेल तर स्टेनलेसची घ्या आणि बाहेरच्या तोंडाआधी छिद्रांच्या पत्र्याने पक्की अडवा.

उघडा डबा किंवा टॅपेट कव्हरवरचा छोटा मशरूम फिल्टर. नियमात बसत नाही, केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो. पीसीव्ही चालू ठेवून ब्रीदर असा उघडा केला तर मॅनिफोल्डची ओढ त्या छोट्या फिल्टरमधून आपल्याकडची धूळ थेट ऑइलमध्ये खेचते. काळ्या मातीची धूळ ऑइलमध्ये मिसळली की बेअरिंगांचं काय होतं, हे ट्रॅक्टर असलेल्या कुणालाही विचारा.

टॅपेट कव्हरला नवं भोक पाडणं. कंपनीने ब्रीदर जिथे दिला आहे तिथे आतून बॅफल असतं. तुम्ही पाडलेल्या भोकाखाली कॅमशाफ्ट ऑइल उडवत असते.

वेल्डिंगवाल्याकडून डबा करून घेणार असाल तर हरकत नाही, ट्रॉल्या करणारे आपले कारागीर हे काम उत्तम करतात. फक्त आतली वेल्डिंगची खपली आणि भुसा पूर्ण साफ करून, डिझेलने धुऊन, वाळवून मगच गाडीवर चढवा.

## ७. जागा

डबा जितका थंड तितकी वाफ जास्त थिजते. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. म्हणून जागा समोरच्या बाजूला, हेडलाइटमागे किंवा जिथे चालताना वारा लागतो अशी शोधा.

टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर किंवा शेजारी कधीही नको. एखादी क्लिप सुटली आणि ऑइल लाल तापलेल्या टर्बोवर पडलं तर गाडी पेटते.

डबा बॉडीला बसवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून होजला थोडी ढील ठेवा आणि पत्र्याच्या कडेला घासत असेल तिथे जुन्या होजचं कव्हर चढवा. इंजिनापासून डब्यापर्यंत होज उतरता असावा. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी आणि ऑइल साचून वाट बंद होते. खालचा नळ गाडीखाली न झोपता हाताला यावा, नाहीतर तो रिकामा करण्याचा कंटाळा येतो आणि डबा तसाच राहतो.

## ८. जोडणी

इंजिन पूर्ण थंड असताना काम करा.

मूळ पाइप कापू नका. तो काढून, पुसून, पिशवीत घालून नावासह ठेवा. नव्या होजने इंजिनाकडचं तोंड डब्याच्या "आत" लिहिलेल्या बाजूला आणि इनटेककडचं तोंड "बाहेर" बाजूला जोडा. उलटं जोडलं तर बऱ्याच डब्यांत ऑइल जाळीच्या चुकीच्या बाजूला पडून थेट इनटेकमध्ये ओढलं जातं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाकू नका. "डबा आहे, आता व्हॉल्व्ह कशाला" हा सल्ला मी ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. किती गॅस ओढायचा हे तो व्हॉल्व्ह ठरवतो.

टर्बो पेट्रोलमध्ये व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरवर असेल तर बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डचा दाब होजमधून मागे डब्यापर्यंत येतो. स्वस्त डब्यांच्या बाजूची पातळी दाखवणारी प्लास्टिकची नळी अशा वेळी उडते. डबा आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये चेक व्हॉल्व्ह टाका, त्यावरचा बाण मॅनिफोल्डकडे. टर्बोकडच्या पाइपावर दुसरा डबा असेल तर तिथला होज ओढीने चपटा होणार नाही इतका जाड हवा.

क्लिप घट्ट करा, पण होज कापेल इतकी नाही. नळाच्या तोंडाला वरून एक प्लगही बसवा. खडबडीत रस्त्याने नळाची मूठ आपोआप फिरलेली मी पाहिली आहे.

## ९. सुरू केल्यावर

आयडलिंग पूर्वीसारखंच असलं पाहिजे. "फुस्स" आवाज येत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. पेट्रोल गाडीला स्कॅनर लावा. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती) आधी होती त्यापेक्षा बरीच वर गेली किंवा पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी) कोड आला, तर न मोजलेली हवा आत येते आहे. क्लिपा, डब्याच्या झाकणाची ओ-रिंग आणि नळ, या क्रमाने बघा.

मग चौथ्या पायरीतली पाण्याची नळी परत लावा. त्याच तापमानाला, त्याच दोन आरपीएमवर. आधीच्या आणि आताच्या आकड्यात नगण्य फरक असला पाहिजे. दाबाच्या बाजूला सरकला असेल तर डबा, होज किंवा एखादा एल्बो वाट अडवतो आहे. मोठा होज टाका, वळणं कमी करा. उभ्या गाडीवर दिसणारा थोडासा अडथळा पूर्ण बूस्टमध्ये कितीतरी मोठा होतो, म्हणून इथे "चालून जाईल" म्हणू नका.

## १०. रिकामा करणं आणि निघेल ते वाचणं

पहिल्यांदा ५०० किमीला उघडा, नंतर साधारण दर १,००० किमीला. थंडीत त्याहून लवकर. सिरिंजने मोजा आणि वहीत किमी, मिली आणि रंग लिहा.

दुधाळ, पिवळसर, ताकासारखं: डिसेंबर-जानेवारीत घर ते वावर, वावर ते घर अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं. नुसतं डब्यात असेल तर घाबरू नका, आठवड्यात एकदा तरी गाडी लांब चालवा. पण डिपस्टिकवरही तसंच दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड पॅकिंग तपासायला घ्या.

तपकिरी पाणी, पेट्रोलचा भपकारा: थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांनंतर हे दिसतं. रीमॅपनंतर लांबच्या फेऱ्यांतही इंधनाचाच वास जास्त येत असेल तर ट्यूनरकडून मिश्रण तपासून घ्या.

काळं, काजळीचं: डिझेलला स्वाभाविक.

शुद्ध ऑइल, आणि भरपूर: १,००० किमीत चार-सहा चमचे निघाले तर ठीक. डबा अर्धा भरत असेल तर परत चौथ्या पायरीकडे जा. प्रमाण दर वेळी वाढत असेल तर रिंगा काहीतरी सांगत आहेत.

डिझेलवाल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. डबा काठोकाठ भरला आणि ते ऑइल टर्बोमधून एकदम आत ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम चढत जातात आणि इंजिन फुटू शकतं. मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. तसं जमलं नाही तर इंजिनापासून लांब व्हा, लोकांना लांब करा. हवेच्या पाइपाच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी डबा रिकामा करा, मग गेल्या आठवड्यात केला असला तरी.

निघालेलं द्रव्य परत इंजिनात ओतायचं नाही. बंडीच्या आसाला वंगण म्हणूनही ते कामाचं नाही, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. नाल्यात, विहिरीजवळ, बांधावर टाकू नका. जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

दर सर्व्हिसला डबा उघडून जाळी डिझेलने धुवा, वाळवा, ओ-रिंग बघा. होजवर उंदराचे दात उमटलेत का तेही बघा. सोयाबीन-तुरीची पोती घरात आली की उंदीर वाढतात, आणि धान्याच्या खोलीशेजारी आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रीदरचे पाइप ते हमखास कुरतडतात. होज कुरतडलेला दिसला तर टेप गुंडाळून चालवू नका. पिशवीत ठेवलेला मूळ पाइप लावा आणि नवा होज येईपर्यंत गाडी त्यावरच चालवा.